शामिसेन: डाव्या हाताला दांडी धरू देऊ नका

प्रश्न: पुण्यात आठ वर्षं सतार शिकले. नोकरीमुळे योकोहामाला आले आणि गेल्या दीड वर्षापासून शामिसेन, हे तीन तारांचं जपानी वाद्य, शिकते आहे. वाद्य बारीक दांडीचं आहे, नागाउता, म्हणजे काबुकी नाटकातलं संगीत, वाजवण्याचं. सुरुवातीला दांडीच्या कडेला सुरांच्या जागांच्या आकड्यांची पट्टी चिकटवली होती, ती तीन महिन्यांपूर्वी काढली आणि सगळं बिघडलं. वरच्या सुरांवरून ४ वर परतताना सूर कधी चढा लागतो, कधी उतरा. काल बरोबर लागलेली जागा आज चुकते. अनामिकेनं तिसरी तार दाबली की नाद येत नाही, नुसता ‘थप’ असा आवाज होतो. हाजिकी, म्हणजे डाव्या बोटानं तार छेडणं, तर शेजारी बसलेल्यालाही ऐकू जात नाही. सेन्सेई, म्हणजे माझे गुरू, फारसं समजावत नाहीत. वाजवून दाखवतात आणि ‘असं’ म्हणतात. वीसेक मिनिटं वाजवलं की डाव्या अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं, पण ते सवयीनं जाईल बहुतेक. बोटांसाठी काही व्यायाम सुचवाल का?

— एक वाचक, योकोहामा

उत्तर: अंगठ्याचं दुखणं तुम्ही जाता जाता, शेवटी लिहिलंत. आम्ही तिथूनच सुरुवात करतो. ते सवयीनं जाणार नाही, आणि तुमच्या बाकीच्या निम्म्या तक्रारींचं मूळही तिथेच असावं असं पत्रावरून दिसतं.

आधी एक परीक्षा. नेहमीसारख्या बसा, शामिसेन घ्या आणि डावा हात सरळ मांडीवर ठेवून द्या. आता बाचीनं, म्हणजे तारा छेडायच्या उजव्या हातातल्या पट्टीनं, तिन्ही मोकळ्या तारा मिनिटभर छेडा. दांडी खाली झुकली, पुढे गेली किंवा चामड्यानं मढवलेली चौकट मांडीवरून सरकायला लागली, तर एरवी तुमचा डावा हात वाजवण्याच्या आधी वाद्य सांभाळण्याची नोकरी करतो आहे. अशा हाताला बोटांचे कितीही व्यायाम दिले तरी फळ येत नाही.

सतारीत हे तुम्ही आठ वर्षं बरोबर केलेलं आहे. भोपळा उजव्या हाताखाली दाबलेला असतो आणि दांडी डाव्या हाताशिवाय जागेवर राहते. इथेही तसंच. चौकट उजव्या मांडीवर, खाली हिझागोमु, म्हणजे न सरकणारा रबरी तुकडा. चौकटीच्या वरच्या कडेवर, दोकाकेच्या आवरणावर, उजव्या हाताचा कोपर आणि मनगट यांच्या मधला भाग टेकवायचा आणि हाताचं वजन तिथे सोडून द्यायचं. दाबायचं नाही, फक्त सोडायचं. त्या वजनानं दांडीचं टोक आपोआप वर उचललं जातं. खुंट्या साधारण डाव्या कानाच्या उंचीला आल्या की पुरे. हिझागोमु धूळ बसून गुळगुळीत झाला असेल तर पाण्यानं धुवा. इतक्या साध्या गोष्टीनं महिनेच्या महिने वाया गेलेले असतात.

पट्टी काढल्यापासून तुम्ही वाकून दांडीकडे बघत असणार. बघायला गेलं की चौकटीचं तोंड छताकडे वळतं, उजव्या हाताचं वजन निसटतं आणि दांडी डाव्या पंजात येऊन पडते. मग अंगठा तिला चिमटीत धरतो. दुखणं तिथून येतं. समोर आरसा ठेवा. आरशात तिन्ही तारा दिसल्या पाहिजेत. तुम्हाला वरून मात्र त्या जेमतेम दिसाव्यात.

आता अंगठा. दांडी अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात, त्या दोन बोटांत घालायच्या युबिकाकेच्या कापडावर नुसती टेकते. अंगठा सरळ आणि सैल, दांडीच्या बाजूला उभा. त्याचं टोक दांडीला मिठी मारत असेल किंवा पेर मागून दाबत असेल तर वाजवणं थांबवा. युबिकाके घट्ट असेल तर ते अंगठा आणि तर्जनीला एकमेकांकडे ओढतं आणि तुम्हाला न कळता चिमटा तयार होतो. फार ढिलं असेल तर गोळा होऊन बेचक्यात अडकतं आणि हात सरकताना गचका बसतो. घातल्यावर दोन बोटं पूर्ण फाकवता यावीत, इतपत माप हवं. घामानं चिकट झालेलं युबिकाके आणि दांडीची मागची बाजू, दोन्ही वाजवण्याआधी कोरडी करा.

हे जमलं की दर पाच मिनिटांनी एकदा, वाजवता वाजवता, अंगठा दांडीपासून पूर्ण सुटा करून पाहा. सूर तसाच राहिला तर ठीक.

सतारीची सवय तुम्हाला दोन ठिकाणी नडते आहे, त्यातली पहिली नखाची. सतारीत तुम्ही पडद्याच्या मागे बोट दाबता आणि तारेची लांबी तोडण्याचं काम धातूचा पडदा करतो. बोटाचं मांस मऊ असलं तरी काही बिघडत नाही. शामिसेनच्या दांडीवर पडदाच नाही. इथे तुमचं नख हाच पडदा. सरोदवादक नखानं तार दाबतात ते याच कारणानं. बोटाच्या उशीनं तार दाबली की मांस कंप शोषून घेतं आणि उरतो तो तुमचा ‘थप’. तर्जनी ताकदीनं ते झाकून नेते, अनामिकेला ते जमत नाही, म्हणून दोष अनामिकेचा वाटतो.

बोटाचं शेवटचं पेर वाकलेलं, टोक तारेवर जवळजवळ उभं, आणि तार नख आणि मांस यांच्या सांध्यावर. नख मांसाच्या बरोबरीनं किंवा अर्धा मिलिमीटर पुढे असावं. जास्त वाढवलं तर नख दांडीवर घसरतं, अगदी तासलं तर उशीच लागते. तपासायला सोपं आहे: दहा मिनिटं वाजवून बोटांची टोकं बघा. तारेची रेघ उशीवर आडवी उमटली असेल तर बोट झोपलं आहे. नखाच्या कडेला बारीक खाच दिसली तर बरोबर.

ही खाच पुढे खोल होत जाते. जपानीत तिला इतोमिची म्हणतात, म्हणजे तारेची वाट. इतोमिची उघडली म्हणजे शामिसेन वाजवता यायला लागलं, असा तिथला वाक्प्रचारच आहे. पण फार खोल गेलेली वाट उपद्रवी ठरते. तार तिच्यात रुतते, सुरी घेताना, म्हणजे सूर घासत नेताना, मध्येच अडकते आणि एका तारेवरून दुसरीवर जायला बोटाला उशीर होतो. खाच जाणवायला लागली की बारीक कानशीनं नखाची कड सपाट करा. एकदम नको, दोन-तीन दिवसांत थोडी थोडी.

दाब किती? तिसऱ्या तारेवर ४ च्या जागी नख नुसतं टेकवा आणि बाचीनं एकसारखे ठोके देत दाब हळूहळू वाढवा. आधी बोथट, मग खरखरीत, मग एकदम स्वच्छ सूर निघेल. तिथेच थांबा, तेवढाच दाब पुरतो. बहुतेक शिकणारे याच्या दुप्पट-तिप्पट दाबतात, आणि जास्त दाबलं की सूर चढतोही.

आता कालची जागा आज का चुकते. इथे बोटाला दोष देण्याआधी कोमाकडे, म्हणजे घोडीकडे बघा. वाजवून झालं की चामड्यावर ताण नको म्हणून तुम्ही कोमा काढून ठेवता, तसंच करायला हवं. पण दुसऱ्या दिवशी तो नेमका तिथेच बसवता का? नागाउतामध्ये कोमा चौकटीच्या खालच्या कडेपासून सुमारे तीन बोटं आत ठेवतात. बोटांचं माप म्हणजे पाच-सात मिलिमीटरचा फरक सहज पडतो. कोमा ५ मिलिमीटर सरकला तर १० ची जागा अडीच मिलिमीटर हलते आणि कान तेवढं नक्की पकडतो. जाड कागदाची पट्टी कापून घ्या: कडेपासून कोमापर्यंतच्या अंतराएवढी, एकदाच, सेन्सेईंनी कोमा लावून दिला असेल त्या दिवशी मोजून. ती वाद्याच्या खोक्यात ठेवा. जोरानं वाजवल्यावर कोमा थोडा सरकतो किंवा कलतो, म्हणून मध्येच एकदा पट्टी लावून बघत चला.

मग अंतरं. मोकळ्या तारेची लांबी, कामिगोमापासून, म्हणजे खुंट्यांजवळ तारा जिथे टेकतात त्या पट्टीपासून, कोमापर्यंत, समजा ८० सेंटीमीटर आहे. तुमची प्रत्यक्ष मोजून घ्या आणि त्या प्रमाणात आकडे बदला. मोकळ्या तारेला षड्ज मानलं तर बुन्काफु लिपीतला ४ म्हणजे शुद्ध मध्यम, वरून २० सेंटीमीटरवर. ६ म्हणजे पंचम, २६.७ वर. १० म्हणजे तार षड्ज, ४० वर, तारेच्या बरोब्बर मध्यावर. खालच्या सुरांच्या भागात १ आणि ३ यांच्यात तब्बल ८.२ सेंटीमीटर आहेत. १० च्या पुढे मात्र एका अर्ध्या सुराला सव्वादोन सेंटीमीटरच मिळतात. म्हणजे हात वरच्या सुरांकडे सरकेल तसा पंजा आवळत गेला पाहिजे. तुम्ही वरच्या भागात पंजा आवळता आणि खाली परतताना तो उघडायला विसरता. ४ वर तर्जनी ठीक पडली तरी तिच्या पुढची अनामिका आखूड पडते.

एक सावधगिरी. नागाउतात दुसरीही एक लिपी चालते, केन्सेइकाई पद्धतीची. तिच्यात आकडे जागेचे नसून सुरांचे असतात, १ ते ७. एका लिपीतला ४ दुसरीत शोधायला जाऊ नका.

पट्टी काढलीत ते चांगलं, पण सगळीच एकदम काढायला नको होती. दांडीच्या कडेला, तोंडावर नाही, ४ आणि १० या दोनच ठिकाणी कागदी टेपचे बारीक ठिपके महिनाभर ठेवा. मधल्या जागा कानानं शोधायच्या.

कानाला मदत करायला वाद्य स्वतःच बसलेलं आहे. तारा लावण्याच्या पद्धती तीन. होन्चोशी म्हणजे तुमच्या भाषेत सा-म-सां. तिच्यात पहिल्या तारेवरचा ४ मोकळ्या दुसऱ्या तारेशी जुळतो, दुसरीवरचा ६ मोकळ्या तिसरीशी, आणि पहिलीवरचा १० सुद्धा मोकळ्या तिसरीशी. निआगारी म्हणजे सा-प-सां. तिथे पहिलीचा ६ दुसरीशी आणि दुसरीचा ४ तिसरीशी. सान्सागारीत, सा-म-कोमल नी, दोन्ही ठिकाणी ४. सरावाला बसताना आधी हे जोड तपासा. ते जुळत नसतील तर बोट बरोबर पडूनही सूर चुकेल, कारण तारच उतरलेली असेल. रेशमाची तार एका गाण्यात उतरते, टेट्रॉनची कमी उतरते. नवी तार बसवल्यावर हातानं पुन्हा पुन्हा ताणून तिची ढील काढून घ्या.

आणि सावारी आहेच. पहिली तार कामिगोमावर टेकत नाही, दांडीच्या लाकडाला हलकेच शिवते आणि झंकारते. तुम्हाला सतारीच्या जवारीवरून हे लगेच कळेल. होन्चोशीत दुसरीवर ६ अचूक लागला की पहिली तार न छेडताही तो झंकार उठतो. जागा दोन मिलिमीटर चुकली की तो विझतो. इतका प्रामाणिक परीक्षक ट्यूनरच्या ॲपमध्येही मिळणार नाही. सावारीच उठत नसेल तर ती आधी जुळवून घ्या. तुमच्या वाद्याला मागून फिरवायचा स्क्रू असेल तर काम अर्ध्या मिनिटाचं आहे.

सतारीची दुसरी सवय इथे आडवी येते, ती म्हणजे मिंड. जागा चुकली की तुम्ही बोट घसरवून सूर बरोबर करून घेता, आणि सतारीवर कमावलेल्या कानाला ते गोडही वाटतं. नागाउतात ते सुरीसारखं ऐकू येतं, जिथे सुरी नाही तिथे. त्याहून वाईट म्हणजे हात चुकीच्या जागी पडून मग सरकायला शिकतो. म्हणून चुकलं की घसरवायचं नाही. बोट उचला, हात मांडीवर न्या आणि पुन्हा पाडा.

सराव असा करा. फक्त तर्जनी, फक्त तिसरी तार, मेट्रोनोम ५० वर. ४, ६, १०, ६, ४. प्रत्येक सुराला चार ठोके: पहिल्या ठोक्याला हात निघतो, दुसऱ्याला पोचतो आणि नख टेकतं, तिसरा रिकामा जातो, चौथ्याला बाची. त्या रिकाम्या ठोक्यात मनात सूर ऐकायचा. १० वरून ४ वर येताना २० सेंटीमीटरचा प्रवास आहे. तो मनगट मोडून करायचा नाही, कोपरापासून पूर्ण हात न्यायचा. मनगट मागे राहिलं आणि बोट तोकडं पडलं की सूर चढा लागतो. हात घाईनं फेकला आणि जागेच्या पुढे गेला तर उतरा. तुमचं दोन्ही होतं आहे, म्हणजे कधी हे, कधी ते. दिवसाला वीस फेऱ्या, त्यातल्या किती पहिल्या फटक्यात लागल्या ते कागदावर मांडा. वीसपैकी सोळा लागेपर्यंत वेग वाढवू नका.

अनामिकेचं थोडं वेगळं आहे. तुम्ही तर्जनी रोवता आणि अनामिका ताणून पुढे पोचवता. त्यात अनामिका सरळ होते, नख आडवं पडतं आणि करंगळी काडीसारखी ताठ होते. क्रम उलटा करा. आधी अनामिका तिच्या जागी वाकवून उभी करा, पंजा तिच्या बाजूनं बसवा आणि मग तर्जनी मागे पोचवा. मागे जाणं तर्जनीला सोपं जातं. तिसऱ्या तारेवर तर्जनी ४ वर, अनामिका ६ वर, मधलं अंतर ६.७ सेंटीमीटर. हे आरामात जमलं की १ आणि ३ च्या लांब फाकीला जा, त्याआधी नको. तिथेही हात पुरत नसेल तर दोन्ही बोटं एकदम टेकवून ठेवायचा हट्ट सोडा, पंजा सरकवा. मध्यमा कुठे वापरायची ते स्वरलिपीत खुणेनं दिलेलं असतं. खूण नसताना सोयीसाठी बोट बदललंत तर पुढच्या ओळीत अडकाल. इंटरनेटवरचे त्सुगारू शैलीच्या शामिसेनचे व्हिडिओ बघून बोटं ठरवू नका. तिथली दांडी जाड, कोमा बुटका आणि चौकटीच्या कडेला जास्त जवळ, आणि हाताची ठेवणही निराळी.

हाजिकी म्हणजे तुमचं कृंतनच, फक्त पडद्याविना. लिपीत तिच्यासाठी काताकाना या जपानी लिपीतलं ‘हा’ अक्षर असतं. आवाज येत नाही कारण तुम्ही बोट तारेवरून वर उचलता. उचललेलं बोट तारेला सोडतं, छेडत नाही. बोटाचं टोक तारेत किंचित अडकवून तळहाताच्या दिशेनं, म्हणजे खाली आणि आत, ओढून सोडायचं. सुटलेलं बोट तळव्याकडे वळलेलं दिसलं पाहिजे. तिसऱ्या तारेवर हे मोकळेपणानं करता येतं, कारण तिच्यापुढे अडायला दुसरी तार नाही. पहिली आणि दुसरीवर ओढ तोकडी ठेवा, नाहीतर शेजारची तारही वाजते.

दुसरी चूक दाबणाऱ्या बोटाची. तर्जनी ४ वर आहे आणि अनामिका छेडते आहे, तर अनामिकेच्या ओढीबरोबर तर्जनीही खाली ओढली जाते आणि सूर हलतो. बाची बाजूला ठेवा. तर्जनी तिसरीच्या ४ वर, अनामिकेनं दहा हाजिकी, प्रत्येक मोजून आणि सुटी. मग तर्जनीनंच मोकळ्या तारेची हाजिकी, पुन्हा दहा. खोलीच्या दारात उभ्या माणसाला ऐकू गेली पाहिजे. तेवढी जमली की बाचीचा ठोका आणि हाजिकी आलटूनपालटून, दोघांचा आवाज सारखा येईपर्यंत. सारखा करायला बाची हलकी करायची नाही.

रोजचं सगळं मिळून पंचवीस मिनिटं पुरे: पाच बैठक आणि अंगठा, दहा जागा, पाच अनामिका, पाच हाजिकी. गाणी त्यानंतर. अंगठ्यात कळ आली की त्याच क्षणी हात खाली, दोन मिनिटं विश्रांती आणि पुन्हा पहिली परीक्षा. बैठक सुधारूनही दोन-तीन आठवड्यांत दुखणं कमी झालं नाही, किंवा बधिरपणा आला, तर डॉक्टरांना दाखवा. शिकवणीत सेन्सेई वाजवून दाखवतील तेव्हा बोटांकडे बघू नका, त्यांच्या अंगठ्याकडे आणि उजव्या हाताकडे बघा. ‘असं’ म्हणजे कसं, ते बरंचसं तिथे दिसतं.

एवढं करूनही तिसरी तार एखाद्याच जागी ‘थप’ करत राहिली तर मात्र वाद्य तपासा. त्या जागी दुसऱ्या बोटाच्या नखानं दाबून बघा. तरीही तेच, आणि बोटभर वर-खाली स्वच्छ सूर, तर दांडीला कानबेरी झाली आहे: वर्षानुवर्षं नखं आणि तार घासून पडलेले खळगे. खिडकीकडे दांडी धरून तिच्या तोंडावरून तिरकी नजर टाका, ४ आणि ६ च्या आसपास प्रकाशाची रेघ वाकडी झालेली दिसेल. जुन्या किंवा उसन्या वाद्यात हे फार आढळतं. दुरुस्ती म्हणजे कारागीर दांडीचं तोंड पूर्ण लांबीत तासून पुन्हा सपाट करतो. पॉलिश पेपर घेऊन स्वतः बसू नका, एका ठिकाणी घासलं की शेजारी नवा खळगा तयार होतो. शिवाय दांडी ‘कोकी’ लाकडाची असेल तर ते आपलंच रक्तचंदन, आंध्रातल्या शेषाचलमच्या डोंगरांतलं, आता आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे मिळायला अवघड. दुकानात देताना तुमचा नेहमीचा कोमाही सोबत द्या. दांडी तासली की तारेची उंची बदलते, आणि तोच कोमा चालेल की दुसऱ्या उंचीचा लागेल, हे कारागिराला तिथल्या तिथे लावून बघता येतं.